खरवडून उरलेला चेहरा

मागच्या अंकात शेवटच्या पानावर आपण एक चित्र छापलं होतं, हेलेन शेर्फबेकचं १९४५ मधलं सेल्फ पोर्ट्रेट. म्हातारीचा चेहरा, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या, आणि खाली दोनच ओळी की ही फिनलंडची चित्रकार, १८६२ ला जन्मली, १९४६ ला गेली. मला वाटलं होतं पान भरायला टाकलंय, कोण बघतंय. तर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सगळं सदर तिलाच देतेय. वॉटरकलरचा कागद पिवळा का पडतो वगैरे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

ताई, ते चित्र बघून माझा नातू घाबरला. मी रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात आयुष्य गेलं. स्पष्ट विचारतो, या बाईंना चेहरा काढता येत नव्हता का?
— एक वाचक, सातारा

सर, तुमच्या नातवाची माफी मागते आधी. पण येत नव्हता म्हणता? अहो, ही मुलगी अकरा वर्षांची असताना हेलसिंकीच्या आर्ट सोसायटीच्या ड्रॉइंग स्कूलमध्ये बसली होती, १८७३ साली, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या मुलामुलींच्या बरोबर. झालं असं की चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही आणि जन्मभराचं लंगडणं मागे लागलं. शाळेत जाता येईना म्हणून घरीच शिक्षण, आणि अंथरुणात पडल्या पडल्या चित्रं काढणं, वडलांनी हातात पेन्सिल दिली म्हणून. ती चित्रं अडॉल्फ फॉन बेकर नावाच्या चित्रकाराने बघितली आणि पोरीची फी माफ करून प्रवेश झाला. वडील १८७६ ला टीबीने गेले, घरात पैशाची ओढाताण, पुढच्या शिक्षणाचे पैसे एका प्रोफेसरांनी भरले. म्हणजे आपल्याकडे गावातला हुशार मुलगा जसा कोणाकोणाच्या मदतीवर शिकतो, तसंच.

सतराव्या-अठराव्या वर्षी तिने एक चित्र केलं, बर्फात जखमी पडलेला सैनिक, बर्चच्या झाडाला टेकलाय आणि मागे त्याचे सोबती त्याला टाकून लांब चाललेत. १८०८-०९ च्या रशिया-स्वीडन लढाईतला विषय. तेव्हा इतिहास आणि लढाया म्हणजे पुरुष चित्रकारांचं काम, बायकांनी फुलं काढावीत. आर्ट सोसायटीने ते चित्र विकत घेतलं, सरकारी ग्रँट मिळाली आणि १८८० मध्ये पोरगी पॅरिसला.

आणि आता तुमच्यासाठी खास, सर. १८८८ चं एक चित्र शोधा, फिनिशमध्ये त्याचं नाव 'तोइपिलास', म्हणजे आजारातून उठत असलेलं पोर. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ज म्हणून गाव आहे तिथे केलेलं. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं लहान मूल वेताच्या मोठ्या खुर्चीत बसलंय, केस विस्कटलेले, गालावर तापाची लाली अजून गेली नाहीये, आणि हातात एक काटकी, तिला कोवळी पालवी फुटलीय, तीच बघत बसलंय. त्या चादरीवरचा उजेड बघा, मग मला परत पत्र लिहा. पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारमान्य प्रदर्शनात, लागलं ते, आणि १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात, ज्याच्यासाठी आयफेल टॉवर बांधला तेच प्रदर्शन, तिथे ब्राँझ मेडल मिळालं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, आणि तिथे थांबली असती तरी फिनलंडच्या पुस्तकात तिचं नाव राहिलंच असतं.

तर आपण छापलेलं ते म्हातारपणचं चित्र चेहरा न येणाऱ्या बाईने काढलेलं नाही. सगळं येत होतं, मग एकेक करून काढून टाकलं. साठ वर्षं लागली त्याला.

नमस्कार ताई. मी ४६ वर्षांची, सासूबाई अंथरुणात आहेत, दुपारी दोन तास मिळतात तेव्हा डायनिंग टेबलवर रंग काढते. तुमच्या अंकात नाव वाचून शोधलं तर कळलं की हेलेनने आईची सेवा करत चित्रं काढली. तिला घरातून सपोर्ट होता का? पैसे कुठून यायचे?
— एक वाचिका, कोल्हापूर

अगं, सपोर्टचं नाव काढू नकोस. तिच्या आईला, ओल्गाबाईंना, चित्रांचं काही पडलेलं नव्हतं. घरकाम महत्त्वाचं. एक भाऊ होता माग्नुस, आर्किटेक्ट, पण आईला सांभाळणं हे मुलीकडे, त्यातून बिनलग्नाची मुलगी म्हणजे काय विचारायलाच नको. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की फिनलंड काय आणि आपलं गाव काय.

पॅरिसहून परत आल्यावर १८९० च्या दशकात ती ज्या ड्रॉइंग स्कूलमध्ये शिकली तिथेच शिकवायला लागली, तेव्हाची एक कमाई ती. शिवाय आर्ट सोसायटीने तिला जुन्या मास्टर्सच्या कॉप्या करायला पाठवलं, सेंट पीटर्सबर्ग, व्हिएन्ना, फ्लॉरेन्स. पण तब्येत साथ देईना, सारखी रजा, शेवटी १९०२ ला नोकरी सोडली आणि आईला घेऊन ह्यूविन्क्याला राहायला गेली. हेलसिंकीपासून साधारण पन्नास किलोमीटर, रेल्वे स्टेशन असलेलं छोटं गाव, हवा चांगली म्हणून तिथे सॅनेटोरियम होतं. छोटी जागा. स्टुडिओ वगैरे काही वेगळा नाही, जिथे राहायचं तिथेच रंगवायचं, आणि आई तिथेच शिवत बसलेली. पुढची पंधरा वर्षं ती हेलसिंकीला फिरकलीसुद्धा नाही असं सांगतात.

आता इथे बहुतेक लोक लिहितात, बिचारी, आजारी, एकटी, जगापासून तुटलेली. मला हे अजिबात पटत नाही. कारण नेमकं याच दोन खोल्यांत तिची चित्रं नवी झाली. पॅरिसमध्ये असताना ती जे करत होती ते चांगलं होतं पण त्या काळचे शंभर जण तसं करत होते, आणि ह्यूविन्क्यात बसून तिने जे केलं ते कोणीच करत नव्हतं. मॉडेल कुठून आणणार, तर आई, शेजारपाजारच्या मुली, गावातल्या कामकरी बायका. १९०५ चं शिवणकाम करणाऱ्या बाईचं चित्र बघ, काळा ड्रेस, मान खाली, हात मांडीवर, कमरेला फितीने कात्री लटकतेय. बाई काम करत नाहीये, थांबलीय नुसती. मागे भिंत, दुसरं काही नाही. तुला कळेल ते थांबणं, दुपारी ओटा पुसून झाल्यावरचं.

आणि तुटलेली तर मुळीच नव्हती, तिच्याकडे पोस्टाने फ्रेंच मॅगझिनं यायची, कलेची पण आणि फॅशनची पण! हो, फॅशनची. कपड्यांचं तिला भारी वेड. तिच्या चित्रातल्या बायका बघशील तर कॉलर, टोपी, बाहीची कट, सगळं पॅरिसच्या ताज्या फॅशनचं आणि बसलीय कोण तर गावातली मुलगी.

पैशाचं म्हणशील तर ओढूनताणूनच चाललं बरीच वर्षं. मग १९१३ च्या सुमाराला यॉस्ता स्टेनमन नावाचा आर्ट डीलर तिच्या दारात आला, त्याला या बाईत काय आहे ते दिसलं, आणि त्याने १९१७ मध्ये हेलसिंकीत तिचं पहिलं सोलो प्रदर्शन भरवलं. पहिलं! वय वर्षं ५५. तेव्हा तुझ्याकडे अजून नऊ वर्षं आहेत, मी फक्त हिशोब सांगतेय.

मॅडम, मी बीएफए सेकंड इयरला आहे. त्यांच्या पेंटिंगमध्ये सरफेस असा घासलेला, जुन्या भिंतीसारखा का दिसतो? माझ्याकडून होत नाहीये, चिखल होतो नुसता.
— एक विद्यार्थी, नागपूर

चिखल होतो कारण तू वर लावत बसतोस. ती काढायची. रंग लावायचा, मग नाइफने खरवडायचा, घासायचा, परत पातळ थर द्यायचा, परत घासायचा, इतका की काही ठिकाणी कॅनव्हासची वीणच वर येते आणि तीच मग कातडीचा पोत होते. काही ठिकाणी कॅनव्हास चक्क कोरा सोडलेला असतो. नुसतं ऑइल नाही, टेम्पेरा (अंड्यासारख्या चिकट पदार्थात कालवलेला रंग), वॉटरकलर, चारकोल, जे हाताला येईल ते एकावर एक. ऑइलची ती चकचकीत तुकतुकी तिला नको होती, मॅट पाहिजे होतं, खडूसारखं.

हे तिला कुठून सुचलं, तर माझा अंदाज असा आहे की फ्लॉरेन्समधून. १८९४ ला तिथे ती फ्रा अँजेलिको या पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या कॉप्या करत होती, आणि ओल्या चुन्यावरचा तो फिका, भिंतीत मुरलेला रंग दिवसेंदिवस बघून हातात उतरला असणार. आपल्याकडे कॉपी करणं म्हणजे कमीपणा समजतात पण तिने आयुष्यभर कॉप्या केल्या आणि प्रत्येक वेळी त्यातून तिचंच काहीतरी निघालं. म्हातारपणी एल ग्रेको या स्पेनमधल्या जुन्या मास्टरच्या चित्रांवरून चित्रं केली, मूळ चित्रं समोर नाहीत, पुस्तकात छापलेले फोटो बघून. आणि स्वतःच्याच जुन्या चित्रांवरूनही, कारण स्टेनमनचं म्हणणं पडलं की जुने विषय परत कर, लिथोग्राफ कर, म्हणजे दगडावर काढून छापायची चित्रं, खपतील. त्यामुळे ते चादरीतलं मूल पन्नास वर्षांनी परत आलं, आता चारदोन रेघांचं. दोन्ही शेजारी ठेवून बघ. काय काय गाळलं त्याची यादी कर पेन्सिलने, वहीत. हा होमवर्क समज.

अजून एक बघ, १८८४ चं 'दार'. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात पाँताव्हेन गावाजवळ त्रेमालोचं छोटं देऊळवजा चॅपल आहे, त्याच्या आतलं बंद दार, खालच्या फटीतून येणारा उजेड, एवढंच. माणूस नाही, गोष्ट नाही. तेव्हा ती बावीसची. पाच वर्षांनी फ्रेंच चित्रकार गोगँ त्याच चॅपलमधला क्रूस बघून त्याचा पिवळा येशू काढणार आणि जगभर गाजणार, पण त्याच्या आधी ही पोरगी तिथे येऊन दाराकडे बघत बसली होती. म्हणजे गाळायची सवय म्हातारपणाची नाही, आधीपासूनची आहे, मधे थोडी दबली होती इतकंच.

ताई, तिचं लग्न झालं नाही असं कळलं. प्रेमात वगैरे पडली होती का कधी? (नाव छापू नका)

नाही छापत. दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा पत्रानेच तिला कळवलं गेलं.

पहिल्यांदा तरुणपणी, फ्रान्समध्ये असताना एका चित्रकाराशी साखरपुडा झाला होता आणि त्याने पत्र पाठवून मोडला. कारण म्हणे तिचा पाय, घरच्यांना वाटलं टीबी असणार. तो कोण होता ते आजही पक्कं कोणाला माहीत नाही, कारण तिने मैत्रिणींना सांगून त्या विषयाची पत्रंच नष्ट करून टाकली. मला हे फार आवडतं खरं तर. त्या माणसाचं नाव तिने इतिहासातून पुसलं, चित्रातून रंग खरवडावा तसं.

दुसरा एइनार रॉयटर. हा जंगलखात्यातला माणूस, हौशी चित्रकार, तिच्या चित्रांचा फॅन, १९१५ ला भेटायला आला. तिच्यापेक्षा १९ वर्षांनी लहान. दोघांची दोस्ती झाली, पुस्तकांवर, चित्रांवर तासन्तास पत्रं, त्याने टोपणनावाने तिचं पहिलं चरित्रही लिहिलं, १९१७ ला. पुढच्या वर्षी तिने त्याला खलाशी करून रंगवला, उघडी छाती, मान वळवलेली. चित्र बघून कोणालाही कळावं की रंगवणारीच्या मनात काय आहे, त्या माणसाला मात्र कळलं नाही, किंवा कळून न कळल्यासारखं केलं. १९१९ मध्ये त्याने कळवलं की एका तरुण मुलीशी साखरपुडा केलाय. हेलेन ५७ वर्षांची होती. अंथरूण धरलं, दवाखान्यात जावं लागलं.

पण इथे सिनेमा संपत नाही, आणि मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. मैत्री तोडली नाही तिने. पुढची सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, ती त्याला लिहीत राहिली, हजाराच्या वर पत्रं आहेत. आज तिच्या कामाबद्दल आपल्याला जे माहितीये त्यातलं कितीतरी या पत्रांमुळे. त्या वर्षांत तिने केलेल्या स्वतःच्या चेहऱ्यांत तो धक्का आहे असं लोक म्हणतात, असेलही, पण प्रत्येक वाकड्या रेघेला पुरुषच कारण असतो असं मानायची आपल्याला फार घाई असते.

सेल्फ पोर्ट्रेट चाळीसच्या आसपास! म्हणजे आजच्या भाषेत सेल्फीचं व्यसन की हो. आणि शेवटी शेवटी तर नुसती कवटी. इतकं निराश कशाला काढायचं?
— एक वाचक, ठाणे

काका, सेल्फी आपण चांगलं दिसावं म्हणून काढतो, पन्नासातला एक ठेवतो. ही उलटं करत होती. तिनेच एका पत्रात म्हटलंय अशा अर्थाचं की मॉडेल म्हणून आपण स्वतः बरे, कायम हजर असतो, बघायला मात्र काही सुखाचं नाही. हा विनोद आहे काका, आणि विनोद करणारी बाई निराश होऊन बसलेली नसते.

एक मधलं चित्र सांगते. १९१४ ला फिनलंडच्या आर्ट सोसायटीने आपल्या बोर्डरूमसाठी नऊ चित्रकारांकडून सेल्फ पोर्ट्रेट मागवली, त्यात बाई एकच, ही. विचार करा, आयुष्य असं खेड्यात गेलंय आणि आता मोठमोठ्या पुरुषांच्या रांगेत भिंतीवर लागायचंय. तिने १९१५ ला पाठवलं ते काळ्या पार्श्वभूमीचं. मान ताठ, नजर थोडी वरून आल्यासारखी, गाल गुलाबी, शेजारी लालभडक भांड्यात ब्रश. आणि मागच्या काळ्यावर तिचं नाव, थडग्याच्या दगडावर कोरावं तसं, अर्धवट पुसलेलं. मला त्यात दुःख कमी आणि खोडकरपणा जास्त दिसतो. घ्या, मेल्यावरच लावणार होतात ना भिंतीवर, मी आधीच नाव कोरून ठेवलंय!

आता शेवटची चित्रं. आई १९२३ ला गेली, मग ती समुद्रकाठच्या ताम्मिसारी गावात राहायला गेली. स्टेनमन आता स्टॉकहोमला होता, १९३७ ला त्याने तिथे तिचं प्रदर्शन केलं, ते खूप गाजलं, आणि १९३८ पासून तर तो तिला महिन्याचा पगार द्यायला लागला. अमेरिकेत प्रदर्शन ठरलं होतं ते १९३९ च्या युद्धाने बारगळलं. रशियाशी लढाई जुंपली, म्हातारीला इथून तिथे हलवत राहिले, कधी शेतावर, कधी सॅनेटोरियमला. १९४४ मध्ये स्टेनमनने तिला स्वीडनला नेलं, स्टॉकहोमजवळ साल्टशोबाडेनच्या मोठ्या हॉटेलात. वय ८१. दुखणं होतं, घर सुटलेलं, देश युद्धात, आणि हॉटेलच्या त्या खोलीत बाईने दोन वर्षांत वीसच्या वर सेल्फ पोर्ट्रेट केली. वीसच्या वर! निराश माणूस सकाळी उठून आरशासमोर बसत नाही हो.

त्यातलं एक १९४४ चं, चेहरा राखाडी, तोंड काळी फट, आणि खालच्या ओठावर एक लाल ठिपका, फक्त एक. सगळा चेहरा पुसत आणला आणि तो ठिपका ठेवला. त्याच काळात तिने सफरचंदंही काढली, काळी पडत चाललेली. बघणं तेच आहे, सफरचंदाकडे आणि स्वतःकडे. कवटी म्हणालात ना, ती चित्रात आधी आली आणि मग २३ जानेवारी १९४६ ला हेलेन गेली, तोपर्यंत कोळशाने का होईना, काढत होती.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य, ती चित्रं रात्री झोपायच्या आधी फोनवर बघू नका. दिवसा बघा, आणि तरुणपणच्यापासून ओळीने बघा. माझी चूक अशी झाली की मागच्या अंकात मी थेट शेवटचंच छापलं.

ताई, आम्ही नोकरीनिमित्त एस्पोला राहतो, हेलसिंकीच्या शेजारीच. तुमचा अंक आईने पाठवला म्हणून हिचं नाव कळलं, इथे राहून माहीत नव्हतं याची लाज वाटली. कुठे बघायला मिळेल? आणि नाव नक्की कसं म्हणायचं?
— एक वाचिका, एस्पो, फिनलंड

लाज कसली, मुंबईत जन्म काढून जहांगीरची पायरी न चढलेले माझ्या घरात चार जण आहेत.

तिची घरची भाषा स्वीडिश, फिनिश नाही, त्यामुळे नाव स्वीडिश पद्धतीने, शेर्फबेक म्हटलंस तरी चालेल, तिथल्या एखाद्या स्वीडिश बोलणाऱ्या शेजारणीकडून घोटून घे आणि मला पण व्हॉइस मेसेज कर. बघायला सगळ्यात आधी आटेनेउम हे कलासंग्रहालय, हेलसिंकी स्टेशनच्या अगदी समोर आहे, तू रोज तिथून जात असशील. तिच्या कामाचा मोठा साठा त्यांच्याकडे आहे, ते चादरीतलं मूलही त्यांचंच. चित्रं आलटून पालटून लावतात आणि प्रदर्शनाला बाहेरही जातात, २०१९ ला लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठं प्रदर्शन झालं होतं, त्यामुळे जायच्या आधी वेबसाइट बघून जा. उन्हाळ्यात ट्रेनने ताम्मिसारीला जाऊन ये, छोटी लाकडी घरं, समुद्र, ती तिथे बरीच वर्षं राहिली. १० जुलै तिचा वाढदिवस, तो तुमच्याकडे चित्रकलेचा दिवस म्हणून पाळतात, त्या आठवड्यात गेलीस तर उत्तम. तिची कबर हेलसिंकीतच आहे, हिएतानिएमीला.

आणि पर्समधली दोन युरोची नाणी उलटून बघ. २०१२ ला तिच्या जन्माला दीडशे वर्षं झाली म्हणून फिनलंडने तिचा चेहरा असलेलं नाणं काढलं होतं, अजून फिरत असणार. दोन सापडली तर एक माझ्यासाठी ठेव, आईबरोबर पाठव.